घराचा सौदा आणि इसार पावती

कापडाचा तागा विकताना आम्ही गिऱ्हाइकासमोर मीटर लावतो, पन्हा दाखवतो, डाग असला तर आधीच सांगतो. पण तेच आम्ही घर घ्यायला गेलो की चहाच्या एका पेल्यावर लाखोंचा सौदा जबानी पक्का करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही ओळखीच्या एका गृहस्थांचे वडिलोपार्जित घर ठरवले. इसार दिला, पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख. खरेदीच्या आठवडाभर आधी त्यांच्या दोन विवाहित बहिणी दुकानात आल्या. "भाईजान, आमची सही कुठे आहे?" त्यांचे म्हणणे रास्त होते. शरीअतमध्ये मुलीचा हिस्सा ठरलेला आहे आणि एक वारस दुसऱ्याचा हिस्सा विकू शकत नाही. विकणाराही लबाड नव्हता. त्याने बहिणींना गृहीत धरले आणि आम्ही विचारलेच नाही. चार महिने पैसा अडकला, तोही ऐन ईदच्या हंगामात.

तेव्हा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. कार्डावर नाव चढले नसले तरी वारस तो वारसच. मयताच्या मागे कोण कोण आहेत हे घरात बसून विचारावे; यात शरम कसली?

पावतीत बाकी रक्कम कधी द्यायची, कब्जा कोणत्या तारखेला, सौदा मोडल्यास इसाराचे काय, घरपट्टी व वीजबिलाची थकबाकी कोणाकडे, हे लिहावे. भाडेकरू असल्यास त्याचाही उल्लेख हवा. क्षेत्रफळ सांगताना चटई क्षेत्र की बांधीव क्षेत्र हे स्पष्ट करावे. निम्मे तंटे इथेच होतात, असा आमचा अनुभव आहे.

इसार पावती किंवा साठेखत झाले म्हणजे घर आपले झाले, असा पुष्कळांचा समज आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या कराराने मालकी येत नाही. त्यासाठी नोंदणी केलेले खरेदीखतच लागते. शिवाय १ जून २०१५ पासून अशा व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणून चेकनेच द्यावे.

बहिणींनी सह्या केल्या, आपला हिस्सा घेतला आणि खरेदी झाली. कब्जा घ्यायला गेलो तर पाण्याची मोटर जागेवर नाही! विकणाऱ्याला वाटले ती त्याची, आम्हाला वाटले ती घराबरोबरची. पावतीत तिचे नाव नव्हते. नवी मोटर आम्हीच आणली.