जनावराची वार का अडकते?

गाय किंवा म्हैस सुखरूप व्याली की आपण निर्धास्त होतो. परंतु वार पडल्याशिवाय वेत पूर्ण झाले असे समजू नये. सर्वसाधारणपणे वार ३ ते ८ तासांत पडते. १२ तासांनंतरही ती लोंबत राहिल्यास अडकली असे समजावे.

गाईच्या गर्भाशयात बटणासारखे ७० ते १२० उंचवटे असतात. वारेचे बारीक तंतू त्यांत मुळांसारखे रुतलेले असतात. हा सांधा कोलॅजन या चिवट प्रथिनाने बांधलेला असतो. गाभणकाळात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ही बांधणी टिकवते. विण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन कमी होते व इस्ट्रोजेन वाढते. त्यामुळे कोलॅजन विरघळवणारी विकरे तयार होतात, रक्तातील पांढऱ्या पेशीही मदत करतात आणि सांधा सैल होतो. पिकलेला आंबा देठातून सुटतो, तसाच हा प्रकार आहे.

दिवस भरण्यापूर्वी वेत किंवा गर्भपात झाल्यास हा सांधा कच्चाच राहतो. जुळी वासरे, अडलेले वेत, तसेच कॅल्शियम, सेलेनियम आणि अ व ई जीवनसत्त्वांची कमतरता हीदेखील कारणे आहेत.

म्हणूनच वारेला दगड किंवा चप्पल बांधू नये, ती ओढू नये. ओढल्याने बटणे फाटतात, रक्तस्राव होतो, गर्भाशयात पू होतो आणि जनावर वारंवार उलटते. इंजेक्शनही स्वतःच्या मनाने देऊ नये. ताप, दुर्गंधी किंवा चारा सोडणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे.

प्रतिबंधक उपाय पुढीलप्रमाणे करावेत :

१) गाभण जनावरास हिरवा चारा व क्षार मिश्रण द्यावे.

२) व्यायल्यावर अर्ध्या तासात वासराला चीक पाजावा. वासरू लुचल्याने ऑक्सिटोसिन स्रवते व गर्भाशय आकुंचन पावते.

३) गाभडण्यामागे सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) असू शकतो. हा रोग माणसालाही होतो, म्हणून वार उघड्या हातांनी हाताळू नये. ती चुना टाकून खोल पुरावी. मादी वासरांना ४ ते ८ महिने वयात या रोगाची लस टोचून घ्यावी.

वार उशिरा पडली तरी योग्य उपचाराने जनावर पुन्हा गाभण राहू शकते. ओढून काढलेली वार मात्र पुढचे वेत गमावण्यास कारण ठरू शकते.