विश्लेषण : ऐकू न येणारा वादक... ब्रिटनच्या पबमधील हौशी बेसवादक नेमके काय करतो?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये एका हरवलेल्या वाद्याची बातमी गाजली. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेली, व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस गिटार १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली होती. ती ससेक्समधील एका घराच्या माळ्यावर सापडली. माग काढणाऱ्यांना असे आढळले, की चोराने ती लंडनमधल्याच एका पबच्या मालकाला विकून टाकली होती. जगातली सर्वात प्रसिद्ध बेस गिटार पबमध्ये जाऊन पडावी हा योगायोग खरा, पण फारसा विचित्र नाही. ब्रिटनमधल्या हजारो अनाम बेस गिटारी दर शनिवारी रात्री पबमध्येच असतात. त्या वाजवणाऱ्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि गाणे सुरू असताना त्यांच्याकडे सहसा कोणी बघतही नाही.

हा पब कोणता आणि हा बँड कोणता?

पुण्या-मुंबईत पब म्हटले, की झगमगाट, डीजे आणि दारावरचे प्रवेशशुल्क आठवते. ब्रिटिश पब तसा नसतो. ‘पब्लिक हाउस’चे ते लघुरूप. गावाच्या पारासारखी ही बसायची जागा. दुपारी म्हातारे पेपर वाचतात, टेबलाखाली कुत्रे झोपलेले असते, फुटबॉलचा सामना असला की सगळे एकाच पडद्याकडे तोंड करून बसतात. शनिवारी रात्री दोन टेबले बाजूला सरकवली जातात आणि त्या कोपऱ्यात चार-पाच जणांचा बँड उभा राहतो. मंच नसतोच, फार तर एक सतरंजी. स्वतःच्या रचना क्वचितच. लोकांना पाठ असलेली, चाळीस-पन्नास वर्षांची जुनी गाणी वाजवायची आणि अकराला आवरायचे.

या परंपरेला इतिहासही आहे. १९७१ मध्ये लंडनच्या केंटिश टाउन भागातल्या ‘टॅली हो’ या जॅझच्या पबमध्ये ‘एग्ज ओव्हर ईझी’ हा अमेरिकी बँड नियमित वाजवू लागला आणि तिथून ‘पब रॉक’ म्हणून ओळखला जाणारा प्रवाह सुरू झाला. त्यातल्या ‘ब्रिन्सली श्वार्ट्झ’ बँडचे निक लो हे बेसवादकच. पुढे जगप्रसिद्ध झालेले स्टिंग हेही न्यूकॅसल परिसरात शाळेत शिकवता शिकवता बेस वाजवत होते. पण ही अपवादांची नावे. बाकीचे सोमवारी सकाळी पुन्हा शाळेत, गॅरेजमध्ये, नगरपालिकेच्या कार्यालयात जातात.

बेस गिटार मुळात कशासाठी?

तबल्यातला डग्गा काढून नुसती चाट वाजवली तर ठेका चुकत नाही, पण पोकळ वाटतो. बेसचे काम साधारण असेच, फक्त त्याला सूरही सांभाळायचा असतो. ड्रमवाल्याकडे ताल असतो, गिटारवाल्याकडे सूरमेळ. बेसवादक त्या दोघांमधला सांधा. बहुतेक वेळा ड्रमचा पायाने वाजणारा ठोका आणि बेसचा खर्ज एकाच क्षणी पडला पाहिजे. तो पडला की दोन वाद्ये आहेत हे कळत नाही. तो जरा मागेपुढे झाला, तर काय बिघडले हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण नाचणारे हळूच खुर्चीकडे वळतात.

या वाद्याच्या चार तारा. सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते; साध्या गिटारच्या जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसकडे होते. तो वाहून नेणे कठीण आणि मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये ऐकू येणे त्याहून कठीण. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येणारी, विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या मानेवर पडदे असल्यामुळे सूर अचूक लागे, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. आजही पबमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच बेस गिटारी याच घडणीच्या किंवा तिच्या स्वस्त नकला असतात.

वाद्य सोपे झाले तरी ते हौसेने मागणारे थोडेच. बीटल्समध्येही स्टुअर्ट सटक्लिफ यांनी १९६१ मध्ये बँड सोडला आणि दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून गिटार-पियानो वाजवणाऱ्या मॅकार्टनींकडे बेस आला. पबमधल्या बँडमध्ये आजही हेच घडते. तीन मित्र गिटार घेऊन जमतात, त्यातला सर्वात कमी भांडणारा बेसवादक होतो.

शनिवारची रात्र कशी जाते?

संध्याकाळी साडेपाचला गाडीत सामान भरण्यापासून सुरुवात. गिटार, ॲम्प्लिफायर, स्पीकरची पेटी, वायरींची पिशवी, जादा तारा, जादा फ्यूज. पूर्वी हा भार कंबर मोडणारा असे. १९६९ मध्ये आलेला, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ‘ॲम्पेग एसव्हीटी’ हा गाजलेला ॲम्प्लिफायर एकट्याने उचलणे म्हणजे शिक्षाच. गेल्या वीसेक वर्षांत डिजिटल घड्याळाच्या डब्याएवढे, दोन-तीन किलोंचे ॲम्प्लिफायर आले आणि पन्नाशीच्या बेसवादकांची पाठ वाचली. तरीही ॲम्प्लिफायर मोठ्या ताकदीचाच लागतो. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो, त्यामुळे गिटारच्या बरोबरीने ऐकू यायचे तर बेसला कितीतरी पट जास्त वॉट खर्च करावे लागतात.

पबमध्ये पोहोचल्यावर जेवणारी मंडळी टेबल सोडेपर्यंत थांबायचे. मग भिंतीतला एकमेव चालू सॉकेट शोधायचा. त्यात जुगाराच्या यंत्राची पिन असते. आवाजाची चाचणी रिकाम्या खोलीत होते आणि तासाभराने खोली भरली की ती निरुपयोगी ठरते, कारण माणसांच्या अंगावरचे कपडेच आवाज शोषून घेतात. नऊ वाजता पहिला भाग. गायकाचा घसा आज बसलेला आहे हे सुरुवातीच्या दोन मिनिटे आधी कळते. पट्टी खाली घ्यायची असते. गिटारवाला कुरकुरतो, त्याची बोटे ठरलेल्या जागी बसलेली असतात. बेसवादक तोच आकार दोन पडदे मागे सरकवतो आणि गप्प राहतो.

मधल्या सुट्टीत कोणीतरी गिटारवाल्याला दाद देते, गायिकेला पेय देते. बेसवादकापाशी येणारा सहसा दुसरा बेसवादकच असतो आणि तो तारा कोणत्या कंपनीच्या हे विचारतो. दुसऱ्या भागात मद्य चढलेले असते. एकाला माइक हवा असतो, दुसरीला वाढदिवसाचे गाणे. अकराला शेवटचा सूर. मग लोक घरी जातात आणि बँड वायरी गुंडाळत बसतो. बियरने चिकट झालेल्या वायरी पुसून गुंडाळणे हाही या छंदाचाच भाग. घरी पोहोचेपर्यंत एक वाजतो. झांजेच्या बाजूला असलेल्या कानात रविवारी दुपारपर्यंत शिटी वाजत असते. शहाणे वादक आता कानात बोळे घालतात.

ऐकूच येत नसेल, तर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक वरचा आणि एक खालचा असे दोन सूर एकाच वेळी, ठरावीक अंतराने ऐकवायचे आणि मध्येच त्यातला एक किंचित आधी वाजवायचा. मेंदूच्या लहरींच्या नोंदीत खालचा सूर चुकला तेव्हा प्रतिक्रिया जास्त ठळक उमटली. बोटाने ठेका धरणाऱ्यांची बोटेही खालच्या सुरामागेच वळली. ताल खर्जात पकडला जातो, याला निव्वळ रूढी नव्हे, तर कानाची घडण कारण असावी, असा त्याचा अर्थ. याच विद्यापीठात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, खऱ्या कार्यक्रमात अतिशय खालच्या कंपनांचे स्पीकर अधूनमधून सुरू-बंद केले गेले. प्रेक्षकांना ते कधी सुरू झाले हे ओळखता येत नव्हते, पण ते सुरू असताना त्यांच्या नाचण्याची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होती. ही कंपने बेस गिटारच्या सुरांपेक्षाही खालची होती, हे मात्र लक्षात घ्यायला हवे.

दाद न मिळण्याचे दुःख फक्त हौशींचेच नाही. अमेरिकेतल्या ‘मोटाउन’ कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन यांचा बेस आहे, तोही बहुतांशी एकाच बोटाने वाजवलेला. तबकडीवर त्यांचे नाव ठळकपणे यायला १९७१ उजाडले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांची बेस गिटार लाखो मराठी घरांत रेडिओवरून पोहोचली. त्यांचे नाव किती घरांत पोहोचले, हा प्रश्नच आहे.

शेजाऱ्यांची तक्रार बेसविरुद्धच का?

४१ कंपनांच्या सुराची एक लहर आठ मीटरांहून लांब असते. एवढ्या लांब लहरीला विटेची भिंत फारशी अडवत नाही. गायकाचा आवाज, गिटार, झांजा पबच्या आत राहतात आणि शेजारच्या झोपायच्या खोलीत पोहोचतो तो फक्त धपधप ठोका. गणेशोत्सवात चार गल्ल्या पलीकडची मिरवणूक ‘ऐकू’ येते, पण गाणे कोणते हे कळत नाही, त्याचेही कारण हेच. त्यामुळे पबमालक काउंटरमागून हाताने ‘कमी करा’ अशी खूण करतो ती बहुतेकदा बेसवादकाला उद्देशून असते. काही पबांत भिंतीवर आवाज मोजणारे यंत्र असते. दिवा हिरव्यावरून लाल झाला आणि काही सेकंद तसाच राहिला, की बँडचा वीजपुरवठाच तुटतो.

कायद्यानेही बेसवादकाला बराच काळ अडगळीत ठेवले होते. इंग्लंड-वेल्समध्ये पूर्वी पबमध्ये दोन वादकांपर्यंत मनोरंजनाचा वेगळा परवाना लागत नसे. गायक-गिटारवाला आणि ड्रमवाला झाले, की तिसरा माणूस परवान्याच्या कचाट्यात. २००३ च्या परवाना कायद्याने ही सवलतही काढली. २००५ पासून एकट्या वादकालाही परवानगी लागू लागली. ओरड झाल्यानंतर १ ऑक्टोबर २०१२ पासून लाइव्ह म्युझिक कायदा आला. मद्यपरवाना असलेल्या ठिकाणी सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, २०० श्रोत्यांपर्यंत वेगळी परवानगी नको. २०१५ मध्ये ही मर्यादा ५०० झाली. अकराचा शेवटचा सूर येतो तो इथून.

पैसे किती मिळतात?

पबच्या बँडला रात्रीचे साधारण दोनशे ते चारशे पौंड मिळतात, आणि नव्वदच्या दशकातही एवढेच मिळत होते, ही जुन्या वादकांची कायमची तक्रार. तीनशे पौंड पाच जणांत वाटले तर प्रत्येकी साठ. साडेपाच ते एक म्हणजे साडेसात तास; तासाला आठ पौंड. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षे आणि त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले होते. सरावाच्या खोलीचे भाडे, पेट्रोल आणि तारा यात धरलेल्याच नाहीत. (वर्षाला हजार पौंडांपर्यंतच्या अशा किरकोळ कमाईवर कर नाही, एवढाच दिलासा.) थोडक्यात, हा धंदा नव्हे, पबच्या करमणुकीचा खर्च वादक स्वतःच्या खिशातून भागवत आहेत.

पबमालकाचीही चैन चाललेली नाही. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ६० हजारांच्या आसपास पब होते, आता ते सुमारे ४५ हजारांवर आले आहेत. वीजबिल, मद्यावरचा कर, घरीच स्वस्त बियर पिणारे गिऱ्हाईक, अशी कारणे अनेक. खर्च कापायचा तर पाच जणांच्या बँडऐवजी दोघांना बोलावणे सोपे.

त्या दोघांत बेसवादक बसतो का?

सहसा नाही. एक गायिका, एक गिटारवाला आणि लॅपटॉप. ड्रम आणि बेस आधीच भरून आणलेले. जागा कमी लागते, पैसे निम्मे, आवाज हवा तेवढाच. सध्या बेसवादकाला खरी स्पर्धा या लॅपटॉपची आहे.

गंमत अशी, की दुसरीकडे बेसवादकांचा तुटवडाच आहे. वाद्यांच्या दुकानातल्या फलकावर ‘बेसवादक हवा’ ही चिठ्ठी सर्वात जास्त दिवस टिकते. त्यामुळे बरेच जण दोन-तीन बँडमध्ये वाजवतात आणि शिवाय ‘डेप’ म्हणजे बदली वादक म्हणून जातात. गुरुवारी रात्री फोन येतो, चाळीस गाण्यांची यादी आणि त्यांच्या पट्ट्या मोबाइलवर येतात, शुक्रवारी घरच्यांना त्रास नको म्हणून हेडफोन लावून सराव, आणि शनिवारी पूर्वी कधी न भेटलेल्या चार माणसांबरोबर दोन तास. अशा रात्री गाणे पाठ असण्यापेक्षा ड्रमवाल्याच्या पायाकडे आणि गायकाच्या श्वासाकडे लक्ष असणे जास्त उपयोगी पडते.

कारण पबमध्ये गाणे कधीच ठरल्यासारखे जात नाही. ओळखीचे कोणी दारातून आत येते, गायिका हात हलवते आणि दुसरे कडवे विसरून थेट ध्रुवपदावर येते. बेसवादक अर्ध्या मात्रेत तिच्याबरोबर पोहोचतो, ड्रमवाला त्याच्या मागे, आणि काही चुकले होते हे कोणालाच कळत नाही. लॅपटॉप मात्र दुसरे कडवेच वाजवत राहतो.