खुराच्या जोरावर चाललेले धंदे : जुन्या खानदेशचा हिशेब

खानदेशचे नाव काढले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे कापूस उभा राहतो. ते बरोबरच आहे. पण इंग्रजी अमलातल्या खानदेशात आपले कारागीर कोणकोणत्या पेशात होते याची यादी काढायला बसले, तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. नालबंद, खाटीक, कसाब, मुलाणी, मुलतानी, हेडी, बाजारातला दलाल, सालोत्री. हे सगळे जनावराच्या भोवती उभे असलेले धंदे. वरून निव्वळ कापसाचा वाटणारा पिंजाऱ्याचा धंदासुद्धा जनावराशिवाय चालत नव्हता. तो कसा, ते पुढे येईल.

आधी जिल्ह्याविषयी दोन शब्द. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. धुळे हे मुख्य ठाणे झाले. 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा काढला तेव्हा मालेगाव खानदेशातून नाशिककडे गेले. 1906 मध्ये उरलेल्या खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचे जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये निघालेला नंदुरबार हे त्याचेच तुकडे. 1880 साली सरकारने या जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल. त्यात गावागावांच्या जाती, पेशे, बाजार, रस्ते यांची जी नोंद आहे, ती आपल्या लोकांनी अवश्य पाहावी. का, ते शेवटी सांगतो.

रेल्वे येण्यापूर्वी माल जायचा तो बैलाच्या पाठीवर. बंजाऱ्यांचे तांडे होतेच, पण मुसलमानांत मुलतानी आणि मुकेरी हेही पिढीजात वाहतूकदार. पाठीवर गोण्या, पुढे घंटा बांधलेला बैल, आणि आग्रा रोडने मुंबईच्या दिशेने मजल-दरमजल. जाताना कापूस आणि धान्य, येताना मीठ, नारळ आणि विलायती कापड. मग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली. 1865 मध्ये थळ घाट चढून गाडी वर आली, 1867 मध्ये नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये भुसावळकडून जबलपूरला जोडली गेली. 1900 मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला. तांडेवाल्यांचा लांबचा धंदा बसला, हे सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकांतून एवढेच लिहिलेले असते की रेल्वेने बैल मारला.

माझ्या मते हे अर्धे खरे आहे. रेल्वेने लांबचा बैल मारला, पण जवळचा बैल वाढवला. स्टेशन झाले म्हणजे शेकडो गावांचा कापूस त्या एका ठिकाणी आणून टाकायचा. तो आणणार कोण? बैलगाडी. पूर्वी माल पाठीवर जायचा, आता चाकावर जाऊ लागला. गाडी आली की सुतार आला, चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार आला, वंगणाला तेल आले, आणि खडीचा रस्ता आला. खडीचा रस्ता आला म्हणजे नालबंद आलाच.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. काळ्या रानात औत ओढणाऱ्या बैलाला नाल लागत नाही. माती मऊ, खूर झिजत नाही. पण तोच बैल खडी टाकलेल्या सडकेवर भरली गाडी ओढू लागला की खुराची झीज होते, बैल लंगडतो आणि गाडीवानाची रोजी बंद पडते. म्हणून नालबंदाचे गिऱ्हाईक शेतकरी कमी आणि भाड्याची गाडी हाकणारा जास्त. सरकारने जसजशा सडका पक्क्या केल्या, तसतसा नालबंदाचा धंदा नाक्यानाक्यावर बसत गेला. हुनर जुने होते, गिऱ्हाईक नवे.

शब्दही पाहण्यासारखा आहे. अरबीत नअ्ल म्हणजे पायतण, फारसीत बंद म्हणजे बांधणारा. मराठ्यांच्या दफ्तरात नालबंदी हा शब्द घोडदळाच्या खर्चासाठी आगाऊ दिलेल्या रकमेला वापरलेला आहे. म्हणजे फौजेतला माणूस फौज संपल्यावर बैलाकडे वळला, असे म्हणायला हरकत नाही.

घोड्याला नाल मारणे आणि बैलाला मारणे यात जमीन-अस्मानाचा फरक. घोड्याचा खूर अखंड. घोडा तीन पायांवर उभा राहतो आणि चौथा पाय नालबंदाच्या मांडीवर देतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना मिळून आठ. आणि बैल काही पाय देत नाही. त्याला दोराने आडवा पाडावा लागतो. दोर असा टाकायचा की बैल धाडकन न पडता बसल्यासारखा कलंडला पाहिजे, नाही तर बरगडी मोडते किंवा शिंग जाते. मग चारी पाय एकत्र बांधून, वाढलेला खूर रापीने तासून, सपाट करून पत्री ठोकायची. खिळा खुराच्या कडेच्या मेलेल्या भागातून तिरपा बाहेर निघाला पाहिजे. आत जिवंत मांसात गेला तर बैल महिनाभर कामातून जातो. बाहेर आलेले टोक मोडून वळवायचे. हे सगळे उस्तादाच्या हाताखाली बसून शिकायचे काम. आग्रा रोडच्या कडेला लिंबाखाली बसणारे नालबंद मी शाळेत जाता-येता पाहिले आहेत. आमच्या उर्दू शाळेच्या पुस्तकात लोहार, बढई होते, नालबंद मात्र नव्हता, याचे तेव्हाही नवल वाटायचे.

आता पैशाचा मुद्दा. बारा बलुतेदारांत नालबंद नाही. त्याला खळ्यावर धान्य मिळत नव्हते, तो रोकडीवर काम करायचा. उलट मुलाण्याचा संबंध खळ्याशी. दख्खनच्या बऱ्याच गावांत मुलाणी हा गावकीचा माणूस. गावातली कुणबी-मराठा मंडळीसुद्धा बकरे त्याच्याच हातून हलाल करून घेत, आणि त्याबद्दल त्याला धान्य आणि मांसाचा ठरलेला वाटा मिळे. व्यापारी नजरेने पाहिले तर दोन्हींत तोटा आणि फायदा आहे. धान्यवाल्याची भाकर बारमाही, पण गाव सोडता येत नाही. रोकडवाल्याचा हात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, म्हणजे कापसाच्या हंगामात, भरलेला आणि पावसाळ्यात रिकामा. पण तो कुठेही जाऊन बसू शकतो.

याची कसोटी 1899-1900 च्या दुष्काळात लागली, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात. 1896-97 चा दुष्काळ धान्याचा होता. छप्पनचा धान्याबरोबरच चाऱ्याचा आणि पाण्याचाही. गुजरातेत आणि खानदेशात जनावरे फार मेली. बैल मेला की एका झटक्यात किती धंदे बसतात पाहा. औत थांबले, मोट थांबली, गाडी थांबली, घाणा थांबला. ज्यांचे दाणे खळ्यावरून यायचे त्यांचे खळेच नाही. सरकारच्या 1884 च्या कायद्याने बी आणि बैल घेण्यासाठी तगाई मिळायची, पण बैल मेल्यावर सगळेच गिऱ्हाईक एकदम बाजारात उतरले तर भाव कुठे जाणार, हे कोणाही दुकानदाराला सांगायला नको.

बैलांचा बाजार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. खानदेशात तापीकाठची थिलारी जात नावाजलेली. ती खिलारचीच एक शाखा. जोडीला सातपुड्यापलीकडून निमाडी आणि माळवी बैल येत. हेडी जनावराचे तोंड उघडून दात पाहतो : अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. भाव मात्र तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली दलाल गिऱ्हाइकाचा हात धरतो आणि बोटे दाबून आकडा सांगतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही. आम्ही कापडवाले गुप्त आकडे कापडाच्या चिठ्ठीवर लिहितो, ही मंडळी बोटांवर. माझा अनुभव असा की बोटांच्या सौद्यात फिरणारा माणूस कमी, चिठ्ठीच्या सौद्यात जास्त.

जनावराच्या दवापाण्याचे काम सालोत्री करायचा. हा शब्द संस्कृतातल्या शालिहोत्रावरून आला आणि उर्दूत सलोतरी झाला. पुष्कळदा नालबंदच सालोत्री असे, कारण पाय त्याच्या हातात. डाग देणे, पाला ठेचून बांधणे, नस दाबणे. पाय मुरगळण्यावर हे चालायचे. बुळकांडीपुढे मात्र कोणाचे काही चालत नव्हते. त्या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. 1871 मध्ये जनावरांच्या साथीवरील सरकारी कमिशनचा अहवाल निघाला. 1886 मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकाचे कॉलेज सुरू झाले, त्याच्यामागे सर दिनशा पेटिट यांचे दान होते. पुढे लस आली, तालुक्याला दवाखाने आले. बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर व्हायला मात्र 2011 साल उजाडले. त्याच 1871 साली कोंडवाड्याचा कायदाही झाला. मोकाट जनावर कोंडायचे, दंड घेऊन सोडायचे, मालक न आल्यास लिलाव करायचा.

आता पिंजाऱ्याकडे वळू. त्याच्या कमानीला जी तात लावतात ती बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची. खाटकाकडून आतडे यायचे, ते साफ करून, पिळून, वाळवून तात व्हायची. तिच्यावर लाकडी दस्ता मारला की कापूस पिंजला जातो. म्हणजे खाटीक नसेल तर पिंजारी नाही, आणि पिंजारी नसेल तर सूत नाही. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या लढाईत विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मागोमाग वाफेवर चालणारे जिन आले. 1870 च्या दशकात जळगावला सूतगिरणी उभी राहिली. गिरणीचे सूत गावात येऊ लागले, हातसूत बंद पडले आणि पिंजाऱ्याकडे गाद्या-रजया तेवढ्या उरल्या. गंमत अशी की त्याच गिरणीच्या सुताने विणकराला मात्र तारले. 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन मालेगावात हातमागावर बसले ते याच सुतावर. एकाचा धंदा ज्या मालाने गेला, दुसऱ्याचा त्याच मालाने उभा राहिला.

रंगाऱ्यांचे नशीब याहून खडतर. फैजपूरचे छापील कापड आणि तिथले तांबडे-निळे रंग नावाजलेले होते. तांबडा रंग आलच्या मुळीचा, निळा निळीचा. 1869 मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन कृत्रिम रीतीने तयार केले आणि आलची शेती संपत गेली. 1897 मध्ये जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. यात रंगाऱ्याचा काही दोष नव्हता. एरंडोलच्या देशी कागदाचेही असेच झाले.

नव्या वाटेवर आधी पाऊल टाकणारेही होते. अमळनेरला 1945 च्या डिसेंबरात मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. भुईमूग खानदेशचा, गिरणी अमळनेरची. तीच पुढे विप्रो झाली. तिचे जुने शेअर अमळनेरच्या घराघरांत होते आणि त्यांनी कित्येकांची घरे बांधली, हे तिकडचा माणूस अभिमानाने सांगतो.

स्वातंत्र्यानंतर रबरी टायरची गाडी आली, डांबरी सडक आली, मग ट्रॅक्टर आणि टेम्पो आले. नालबंदाचे काम कमी होत गेले. 1976 च्या राज्य कायद्याने गोवधाला बंदी होती. 2015 मध्ये ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. थकलेल्या बैलाला पूर्वी जे गिऱ्हाईक होते ते उरले नाही आणि कातड्याच्या बाजारालाही धक्का बसला. आज नालबंदाला गर्दी पाहायची असेल तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जावे. तापीच्या काठी राजस्थान, पंजाब, गुजरातचे घोडे उतरतात आणि नालबंद दिवसभर मान वर करत नाही.

सुरुवातीला गॅझेटिअर पाहा म्हणालो, ते एवढ्यासाठी. मोमीन, पिंजारी, मण्यार अशा पेशांच्या लोकांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गाची सवलत मिळते. पण जातीचा दाखला काढताना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या बहुतेकांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते मुसलमान लिहिलेले असते. पोरांची फी आणि नोकरी तिथे अडते. गॅझेटिअरने पेशा त्या तालुक्यात होता एवढे दिसते, घराचा पुरावा त्यातून मिळत नाही. तो शोधायचा गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदीत आजोबा-पणजोबांच्या नावापुढे पिंजारी किंवा मोमीन असे लिहिलेले सापडू शकते. शिवाय जुनी खरेदीखते, नगरपालिकेच्या पावत्या आणि उर्दू शाळेचे मूळ जनरल रजिस्टर पाहावे. अर्ज तहसील कचेरीच्या अभिलेख शाखेत करावा, नक्कल प्रमाणित करून घ्यावी. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधीच पाहून ठेवावा.