गोठ्यातली काळी सायकल

दिवाळीच्या आधी घरं आवरायला काढली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या आसपासच्या खेड्यांत भंगारवाल्यांच्या गाड्या फिरू लागतात. गाडीत फुटके टिनपत्रे असतात, गंजलेली घमेली असतात आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एखादी काळी सायकल असते. अशी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. लोखंडाला किलोमागे पंचवीस-तीस रुपये धरले तर घरवाल्याच्या हातात पाच-सहाशे पडतात. जुन्या सायकलीचा खालचा भाव हा असा ठरतो. घ्यायला जाणाऱ्याने त्याच्या थोडं वर जावं, म्हणजे देणाऱ्याचंही नुकसान होत नाही.

माझी सायकल मी वैनगंगेच्या काठच्या एका गावातून ९०० रुपयांत आणली. गोठ्यात, तनसाच्या ढिगामागे ती उभी होती. "माहा बाप बल्लारपूरच्या पेपर मिलात होता," त्या घरचे मामाजी म्हणाले. "सुट्टी भेटली का ह्याच सायकलीनं घरी ये." चाकांत हवा नव्हती, चेन एका सरळ कांबीसारखी कडक झाली होती, सीटचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं. तरीही ती घेण्यासारखी होती. का, ते सांगतो.

जुनी सायकल उभी करणं हा शहरातल्या पैसेवाल्यांचा छंद, अशी समजूत आहे. माझा अनुभव उलटा आहे. हे काम पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी अशा गावांतच सोपं पडतं. चकचकीत गिअरच्या सायकलींच्या दुकानात कॉटर पिन मागितली तर पोरगा तोंडाकडे बघतो. आपल्याकडच्या पंक्चरच्या दुकानात ती डब्यात पडलेली असते. या काळ्या सायकलीचा आराखडा इंग्लंडमधून आला आणि आपल्याकडे जवळपास तसाच टिकला. वीस-तीस रुपयांच्या भागांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची सायकल चालू होते, ती त्यामुळे.

स्वातंत्र्याआधी इथे बहुतेक सायकली विलायती असायच्या: रॅले, हंबर, रज, हर्क्युलिस, फिलिप्स, बी.एस.ए. देशी बनावटीत मुंबईच्या वरळीची हिंद मोठी. मग १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स आली आणि हर्क्युलिस, फिलिप्स, बी.एस.ए. ही नावं तिथून निघू लागली. आसनसोलला सेन-रॅलेने रॅले काढली. सोनीपतची अॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं केंद्र सरकारने १९८० मध्ये कायदा करून राष्ट्रीयीकरण केलं, आणि अॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. गोठ्यातल्या सायकलीवर यांपैकी कुठलंही नाव निघू शकतं.

नाव पुसलं गेलं असेल तर पायडलच्या मोठ्या चक्राकडे बघावं. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असतात. हंबरच्या चक्रात हातपाय पसरलेली माणसं, शिवाय तिचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा. बी.एस.ए.च्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून ठेवलेल्या तीन बंदुका, कारण ती मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी. मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्यावर वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. चिंधीने पुसलं की दिसतात. हँडलजवळ नगरपालिकेचा पितळी किंवा अॅल्युमिनियमचा बिल्ला सापडला तर तो काढू नका. सायकलवर कर होता त्या काळची ती पावती आहे.

आता तपासणी. गंजाला घाबरू नये. वरवरचा गंज निघतो. घाबरावं ते वाक, चीर आणि सडलेली रिंग यांना.

सायकलसमोर उकिडवं बसायचं आणि हँडलखाली, जिथे वरचा दांडा आणि खालची नळी हेडला मिळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवायचं. रंगाला सुरकुती किंवा नळीला उंचवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. ती सोडून द्या. मग एक लांब सुतळी घ्या. मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधून ती पुढे हेडला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजा. सारखं भरलं तर फ्रेम सरळ. एक-दोन मिलीमीटर इकडेतिकडे चालतं, बोटभर फरक चालत नाही. चिमटाही बाजूने बघावा: हेडच्या रेषेतच तो खाली येतो आणि शेवटी पुढे वळतो. मधूनच मागे गेलेला असेल तर वाकलेला आहे.

रिंगेत, जिथून स्पोक आत जातात त्या छिद्रांभोवती अंगठ्याने दाबून बघा. पापुद्रे सुटत असतील तर रिंग बदलावी लागेल आणि खर्च वाढेल. शेवटी सीटची दांडी वर-खाली होते का आणि हँडल उंच करता येतं का, हे बघा. या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं न हलवल्याने नळीत अशा बसतात की काढताना आठवडा जातो. माझी सीटची दांडी रोज संध्याकाळी जॉइंटवर तेल सोडत सोडत सहाव्या दिवशी हलली. पाइप लावून जोर केला असता तर नळीच पिळली असती.

पैसे देताना एका कागदावर फ्रेमचा नंबर, तारीख आणि देणाऱ्याची सही घ्यावी. नंबर बहुधा सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलच्या नळीच्या बुडाला असतो. चोरीच्या सायकलीही भंगारात येतात, म्हणून ही चिठ्ठी हवीच.

घरी आणल्यावर जे करायचं त्याला दुकानात 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. पूर्ण सायकल खोलायची, पुसायची, छर्रे आणि ग्रीस नवं घालायचं, परत जोडायची. पहिल्या वेळी मिस्त्रीच्या शेजारी बसून बघावं. मी तसंच केलं, आणि सगळ्यात जास्त शिकलो ते कॉटर काढताना.

कॉटर म्हणजे पायडलचा दांडा मधल्या अॅक्सलवर पक्का धरणारी, करंगळीहून लहान पिन. एका बाजूने ती उतरती घासलेली असते आणि पाचरीसारखी अडकते. गंजली की हट्टाने बसते. नवशिका नट काढून टाकतो आणि पिनेच्या टोकावर टकटक करत राहतो. आटे चेपतात, पिन वाकते आणि मग ड्रिल करण्याशिवाय इलाज राहत नाही. मिस्त्रीने आदल्या रात्री तेल सोडलं. सकाळी नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाशी समपातळीत आणला, म्हणजे मार नट आणि पिन मिळून घेतात. मग दांड्याखाली लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीपासून असा टेकवला की घाव आतल्या छर्ऱ्यांवर जाऊ नये. "हळू हळू नाही ठोकाचं, भाऊ. एकच द्याचा," तो म्हणाला, आणि एका घावात पिन सुटली.

बसवताना दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने येतात. पायडलचे दांडे आडवे धरले तर एकाचा नट वर आणि दुसऱ्याचा खाली दिसला पाहिजे. चुकलं तर दोन्ही दांडे एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडतो.

कॉटर निघाले की अॅक्सल बाहेर येतो. डाव्या बाजूचा कप नेहमीसारखा सुटतो; उजवीकडचा, चेनच्या बाजूचा, उलट्या आट्याचा असतो. तसंच डावं पायडलही उलट्या आट्याचं. एवढं माहीत नसल्याने किती सायकलींचे आटे गेले असतील याची मोजदाद नाही. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेला इंचाला २६ आटे असतात, इतरांना २४. त्यामुळे तिच्यात बाजारातला साधा कप बसत नाही. जुना कप फेकायचा नाही, साफ करून तोच लावायचा.

माझ्या सायकलीच्या पायडलच्या नळीतून आधी माती निघाली, वाळलेली, धानाच्या बांधीतली. एका बाजूला पाव इंची ११ छर्रे असतात. डाव्या कपात ९ निघाले. उरलेल्या दोन छर्ऱ्यांचा चुरा काळ्या ग्रीसमध्ये खरखरत होता आणि त्याने अॅक्सलवर नखाला लागेल असा चर पाडला होता. अॅक्सल बदलला, छर्रे सगळे नवे घातले. जुन्यात नवे मिसळू नयेत. जाडीत केसाचा फरक पडला की सगळा भार नव्यांवर येतो. मागच्या हबमध्ये साधारणपणे दर बाजूला पाव इंची ९, पुढच्यात त्याहून बारीक १० असतात, पण आपल्या सायकलीतून निघतील ते मोजून वाटीत ठेवावेत. हबचे कोन आवळताना चाक हलू नये आणि अडखळूही नये. हवेचा वॉल्व्ह आपल्या वजनाने आपोआप खाली येऊन थांबला तर बरोबर जमलं.

चेन पट्टीने मोजावी. बारा जोड-कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. सव्वाबारा सोडाच, एक अष्टमांश इंचही जास्त भरली तर ती चेन गेलीच, आणि तिने मागच्या फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असणार.

टायर घेताना आकड्याचा घोळ होतो. आपली '२८ इंची' म्हणजे २८ गुणिले दीड; तिच्या रिंगेचा बसण्याचा व्यास ६३५ मिलीमीटर. हल्लीच्या रोड बाइकच्या टायरलाही कुणी २८ म्हणतं, पण त्याचा व्यास ६२२. तेरा मिलीमीटरचा फरक कुठल्याही हाताने ओढून भरून निघत नाही. जुन्या टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचून जावं. स्पोक पुढे ३२ आणि मागे ४० असतात. चाकाचा आउट काढताना खडू रिंगेजवळ धरून चाक फिरवायचं; जिथे खडू लागेल त्या बाजूचा स्पोक पाव आटा सैल, समोरच्या बाजूचा पाव आटा घट्ट. पाव म्हणजे पावच. घाईने पूर्ण आटा फिरवला की चाकाचं अंडं होतं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: परत रंगवू नका. भट्टीत पक्का केलेला तो जुना काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा पुन्हा मिळत नाहीत, आणि स्प्रे मारलेली सायकल तिचं वय व ओळख दोन्ही गमावते. साबणाच्या पाण्याने धुवा. क्रोमवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या अॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने हलक्या हाताने घासला की निघतो. रंग उडालेल्या जागी बारीक पॉलिश पेपर फिरवून जवसाचं पक्कं तेल कापडाने अगदी पातळ लावावं. दोन-चार दिवसांत त्याचा कोरडा पापुद्रा बनतो आणि गंज थांबतो. जवस आपल्याच भागातलं पीक. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा.

रॉड ब्रेकचे रबर नवे घाला आणि रिंगेपासून दोन-तीन मिलीमीटरवर ठेवा. पावसात स्टीलच्या रिंगेवर हे ब्रेक फार उशिरा लागतात, उतारावर आधीपासून दाबत यावं लागतं. आमच्या भागात अजून एक गोष्ट सांगणं भाग आहे. मूलच्या किंवा चंद्रपूरच्या बाजूचा रस्ता जंगलातून जातो आणि वाघ रस्त्यावर येतो. दिवस मावळायच्या आत घरी पोचा; डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझतो.

माझ्या सायकलीचं पुढचं चक्र ४४ दात्यांचं आणि मागचं १८ चं. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे १८ फूट जाते. चढावर अंगावर येते, सपाट रस्त्यावर मात्र एकदा वेग धरला की दमवत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली तेव्हा त्यांच्यासोबतचे तरुण सायकलवरच निघाले होते. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सायकलीचं अंतर वेगळं समजवावं लागत नाही.

माझा एकूण खर्च सायकलीसह चार हजारांच्या आत राहिला. त्यातला सर्वांत मोठा वाटा टायर-ट्यूब आणि सीटचा. तुमची जोडून झाली की पहिले वीस-पंचवीस किलोमीटर जवळपासच चालवा, आणि घरी आल्यावर दोन्ही कॉटरचे नट परत आवळा. नवी पिन त्या पहिल्या फेरीत थोडी आत बसते आणि नट सैल पडतो.