नदी रात्री काय करते?

मॅचचा स्कोअर तुम्हाला दर बॉलला कळतो. पण तुमच्या शहरातल्या नदीचं पाणी कसं आहे? ते साधारण महिन्यातून एकदा तपासलं जातं. दिवसा कर्मचारी येतो, बाटली भरतो, लॅबला पाठवतो. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा अंदाज देणारी 'बीओडी' चाचणीच तीन दिवस चालते. रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी पुढच्या गावाला पोहोचलेलंही असतं!

आता समजा, रात्री दोन वाजता कुणी नाल्यात केमिकल सोडलं. दिवसा भरलेल्या बाटलीला ते कळणार कसं? पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. मासे तरंगायला लागले की मग पळापळ!

इथेच ऑटोमॅटिक केंद्रं कामी येतात. पाण्यातले सेन्सर सामू, तापमान, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन सतत मोजतात आणि आकडे थेट सर्व्हरवर पाठवतात. दर पंधरा मिनिटांना एक नोंद धरली, तरी दिवसाला ९६ नोंदी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गंगेवर अशी केंद्रं उभारली आहेत.

एवढ्या नोंदी कशाला? कारण नदीतला ऑक्सिजन दिवसभर सारखा नसतो. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती तो तयार करतात. रात्री ते काम थांबतं, श्वास घेणं मात्र सगळ्यांचंच चालू राहतं. त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. म्हणजे दुपारच्या बाटलीत 'पास' झालेली नदी पहाटे अक्षरशः गुदमरत असू शकते.

अर्थात, सेन्सर म्हणजे जादूची कांडी नाही. त्यावर शेवाळ चढतं, तो वेळोवेळी साफ करून तपासावा लागतो. मैलापाण्यातल्या जंतूंसाठी लॅब लागतेच. आणि अलर्ट आल्यावर जागेवर कुणी गेलंच नाही, तर तो आकडा नुसताच स्क्रीनवर राहतो.

मग तुम्ही काय करू शकता? प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या वेबसाइटवर पाण्याच्या गुणवत्तेचे आकडे असतात. आपल्या नदीचे शोधा. नदी 'ठीक' आहे असं कुणी म्हटलं, तर एवढंच विचारा : किती वाजताची?

हे लक्षात ठेवा
आंघोळीयोग्य पाण्यासाठी –
• विरघळलेला ऑक्सिजन : लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम
• बीओडी : लिटरमागे जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम
• सामू : ६.५ ते ८.५