आधी पाव, मग तेल, शेवटी टोमॅटो

आपली दिवाळी येते त्या सुमारास इटलीत ऑलिव्हची तोडणी सुरू असते. तोस्काना आणि उंब्रिया या मध्य इटलीतल्या प्रांतांत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरभर झाडांखाली जाळी अंथरलेली दिसतात. लांब दांड्याच्या फण्यांनी फळं ओरबाडून खाली पाडतात आणि क्रेटच्या क्रेट गावच्या तेलगिरणीकडे जातात. तोडलेलं फळ साठवलं की तापतं, आंबायला लागतं, म्हणून गाळप शक्यतो त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी उरकतात. एक लिटर तेलाला साधारण पाच ते आठ किलो फळं लागतात. गिरणीतून नुकतं बाहेर पडलेलं तेल हिरवट, गढूळ आणि घशाला झोंबणारं असतं. ते चाखण्याची तिथली जुनी रीत अशी: निखाऱ्यावर पावाचा जाड काप भाजायचा, गरम असतानाच त्यावर लसूण घासायचा, मीठ भुरभुरायचं आणि नवं तेल सढळ हाताने ओतायचं. ब्रुस्केत्ता तो हा. तोस्कानात यालाच फेत्तुंता म्हणतात.

आपल्या हॉटेलांत ब्रुशेटा या नावाने जे समोर येतं, त्यात बहुधा टोमॅटोचा ढीग असतो, वर किसलेलं चीज आणि काळ्या गोड सॉसच्या रेघा. खाली पाव आहे हे दातांनाच काय ते कळतं. मला हे मनापासून खटकतं, कारण हा पदार्थ पावाचा आणि तेलाचा आहे. टोमॅटो त्यात फार उशिरा आला. मुळात तो अमेरिका खंडातला. इटलीतली त्याची सर्वांत जुनी नोंद 1548 ची, पिसा मुक्कामी कोसिमो दे मेदिची यांच्याकडे आलेल्या एका टोपलीची. त्यानंतरही बराच काळ लोक त्याच्याकडे बागेतली नवलाई म्हणूनच पाहत होते. टोमॅटोच्या सॉसची कृती छापील पुस्तकात आली ती 17 व्या शतकाच्या अखेरीस, नेपल्समध्ये. तेल आणि पाव त्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र नांदत होते. गरम भाकरी, त्यावर चटणी आणि वरून कच्च्या करडईच्या तेलाची धार ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना इतक्या साध्या खाण्यात काय गोडी असते हे सांगायला नको.

पावापासून सुरुवात करू. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो. नुसता खाल्ला तर फिका लागतो, पण तेल-मीठ पडलं की त्याचा अळणीपणाच कामी येतो. त्या पावाला 2016 साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. दक्षिणेकडे पुलियात आल्तामुरा गावचा पाव वेगळाच. डुरम गव्हाच्या रव्याचा, पिवळसर, जाड कवचाचा आणि बरेच दिवस टिकणारा. त्याला हेच संरक्षण 2003 मध्ये मिळालं. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: आत जाळी, बाहेर टणक पापुद्रा. असाच पाव तेल धरून ठेवतो आणि गळत नाही.

आपल्याकडे लादीपाव या कामाचा नाही. तो लुसलुशीत आणि गोडसर, तेल पडलं की लगदा होतो. सँडविचचा पांढरा ब्रेडही तसाच. मुंबईतल्या इराणी बेकऱ्यांचा ब्रुन चांगला चालतो, आडवा चिरून घ्यायचा. गोव्यात असाल तर पोदेराकडचा कडक उंडा घ्या. मोठ्या शहरांत हल्ली सावरडो सहज मिळतो, तो सर्वांत जवळचा. पाव आदल्या दिवशीचा असला तर अधिक बरा, कारण ताज्या पावातली ओल भाजताना वाफ होऊन काप मऊ पाडते.

काप दीड ते दोन सेंटिमीटर जाड हवा. पातळ कापला तर आरपार वाळून त्याची खारी होते. बाहेरून खरपूस आणि आतून मऊ राहायचा, तर जाडी हवीच. पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवून मध्यम आचेवर दोन्ही बाजू भाजा. कडांवर एक-दोन काळे डाग पडले तर पडू द्या, तेवढा धुराचा वास हवाच. बिडाचा तवा असेल तर तोही उत्तम, पण तव्यावर तेल किंवा लोणी घालायचं नाही. तेलाची पाळी नंतर येते. टोस्टरमध्ये रंग येतो, पण निखाऱ्याचा वास येत नाही.

आता लसूण. सोललेली एक पाकळी मधोमध कापा आणि कापलेली बाजू गरम कापावर हलक्या हाताने फिरवा. भाजलेल्या पावाचा पृष्ठभाग किसणीसारखा खरखरीत झालेला असतो, पाकळी त्यावर झिजते आणि तिचा रस पावात उतरतो. चार-पाच फेऱ्या पुरतात. पाव गार झाल्यावर हेच केलं तर वास निम्माही येत नाही. काही जण लसूण बारीक चिरून टोमॅटोत मिसळतात. तिथे तो उग्र होतो आणि मागाहून तासभर तोंडात रेंगाळतो. मी तरी तसं कधी करू नका असंच सांगेन.

तेलाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवून खरेदी करायला हवी. आपल्या दुकानांत ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात आणि तिन्ही-चारही प्रकारांना लोक एकच समजतात. पोमेस म्हणजे गाळपानंतर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं आणि मग शुद्ध केलेलं तेल. एक्स्ट्रा लाइट हे चवीने हलकं, शुद्धीकरण केलेलं तेल, त्यात उष्मांक काही कमी नसतात. तळणीला ही दोन्ही चालतील, ब्रुस्केत्ताला नाहीत. इथे एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं. ते केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेलं असतं आणि त्यातली मुक्त आम्लता 0.8 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. बाटलीवर थंड गाळप असं लिहिलेलं असेल, तर गाळताना तापमान 27 अंशांच्या वर गेलेलं नसतं. बाटली गडद काचेची हवी आणि तोडणीचं वर्ष छापलेलं असेल तर फारच छान. रंगावर जाऊ नका. चव तपासणारे तज्ज्ञ निळ्या काचेच्या पेल्यातून तेल चाखतात, ते रंगाने मत बनू नये म्हणूनच. घशात ठसका लागला तर तेल बिघडलंय असं समजू नका. तो ठसका ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाचा असतो आणि चांगल्या, ताज्या तेलाची ती खूण आहे.

एवढ्यावरही ब्रुस्केत्ता पूर्ण होतो. पण टोमॅटो घालायचे, तर चार माणसांना, म्हणजे आठ कापांना, अर्धा किलो पुरतात. पिकलेले, लाल, देठाजवळ वास येणारे घ्या. वाहतुकीत टिकावेत म्हणून वाढवलेले जाड सालीचे संकरित टोमॅटो दिसायला छान असले तरी वासाला कमी पडतात. आंबटगोड देशी मिळाले तर सोडू नका. आणलेले टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यांचा वास मरतो. चिरताना बिया आणि आतला पातळ गर काढून सेंटिमीटरभर फोडी करा, अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. मिठाने पाणी सुटतं आणि खाली जमतं. हे केलं नाही तर तेच पाणी पावात उतरतं. खाली जमलेला रस आणि काढलेला गर सारात घाला, दोन्हीला चव असते.

निथळलेल्या फोडींना दोन चमचे तेल चोळा आणि बेसिलची आठ-दहा पानं हाताने तोडून टाका, तीही अगदी शेवटी, कारण चिरलेली पानं थोड्याच वेळात काळवंडतात. बेसिल म्हणून तुळस वापरू नये, ती वेगळ्या जातीची आणि लवंगेच्या अंगाने जाणारी. फालुद्यात ज्याचं बी घालतो तो सब्जा मात्र शास्त्रीयदृष्ट्या बेसिलच्याच जातीचा. त्याचा वास इटालियन वाणापेक्षा बडीशेपेकडे झुकतो, तरी कुंडीत सब्जा वाढलेला असेल तर कोवळी पानं खुशाल तोडा.

टोमॅटोचा मोसम संपला की इटलीतही दुसरं काही येतं. तोस्कानात उकडलेला पांढरा घेवडा पावावर घालतात आणि वर तेल, मिरपूड. आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा त्याच जातीचा. तो रात्रभर भिजवून, लसणाच्या दोन पाकळ्यांसह मऊ शिजवा, थोडा दाबून कापावर पसरा. हिवाळ्यात हा प्रकार मला टोमॅटोपेक्षाही आवडतो.

दिवाळीला पाहुणे यायचे असतील तर एक पथ्य पाळा. कापांवर आधीच टोमॅटो घालून ताट मांडून ठेवू नका. पाचच मिनिटांत पाव ओलावतो. पाव कापून ठेवा, टोमॅटो निथळून ठेवा, तेल टेबलावर ठेवा. मंडळी बसली की पाव भाजा, लसूण घासा, ज्याच्या त्याच्या हाती काप द्या आणि वरचं सगळं त्याचं त्याला घालू द्या. बाटली उघडल्यावर तेल दोन-तीन महिन्यांत संपवा, गॅसजवळ ठेवू नका. टोमॅटो मनासारखे मिळाले नाहीत तर ते खुशाल वगळा. पण पाव किंवा तेल मनासारखं नसेल, तर त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.