कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवावा कीं ठेवूं नये?

घरच्या परसांत किंवा मळ्यांत दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक शेतकरी बंधूंच्या खुराड्यांत एक कोंबडा असतोच. किंबहुना त्याच्यावांचून खुराडें अपुरें, अशीच सर्वत्र समजूत आहे. तो कशासाठीं ठेवला आहे असें विचारलें असतां, "त्याच्याशिवाय कोंबड्या अंडीं कशा घालतील?" असें उत्तर हटकून मिळतें. हें उत्तर बरोबर नाहीं, आणि ह्या एका गैरसमजापायीं उन्हाळ्यांत पुष्कळ घरांचीं अंडीं नासून जातात.

वस्तुस्थिति अशी आहे. कोंबडीच्या बीजाशयांत पिवळा बलक तयार होतो, तो पक्व झाला म्हणजे अंडनलिकेंत उतरतो, तेथें त्याच्याभोंवतीं पांढऱ्या बलकाचे थर चढतात, पापुद्रा येतो, शेवटीं चुन्याचें कवच बनतें, आणि सुमारें चोवीस ते सव्वीस तासांत अंडें बाहेर पडतें. हा सारा व्यापार कोंबडा असो वा नसो, सारख्याच क्रमानें चालतो. दाणा पुरेसा आहे कीं नाहीं, दिवस मोठा आहे कीं लहान, कोंबडी पिसें टाकीत आहे काय, अशा गोष्टींवर अंड्यांची संख्या अवलंबून असते. दसऱ्याच्या सुमारास कोंबडा विकला आणि पुढें महिनाभर अंडीं कमी झालीं, तर दोष लहान होत चाललेल्या दिवसाचा व गळणाऱ्या पिसांचा असतो. विकला गेलेला कोंबडा मात्र नाहक श्रेय घेऊन जातो.

कोंबड्याचें काम अंडें फलित करणें एवढेंच. त्याचें बीज अंडनलिकेंतील सूक्ष्म नळ्यांत सांठून राहतें, त्यामुळें एका संयोगानंतर दोन आठवडे, क्वचित् तीन आठवडेही फलित अंडीं मिळत राहतात. म्हणून कोंबडा आज काढला तर उद्यांपासून सर्व अंडीं वांझ होतील असें मानूं नये. परीक्षा करावयाची असल्यास अंडें बशींत फोडून पिवळ्या बलकावरील पांढरा ठिपका पाहावा. तो लहान, भरीव व वेड्यावांकड्या कडेचा असेल तर अंडें वांझ. मोठा, गोल व भोंवतीं कडें असलेला असेल तर फलित. रक्ताचा एखादा थेंब दिसला म्हणजे अंडें फलित, ही समजूत खोटी आहे. बलक सुटतांना बारीक रक्तवाहिनी फुटल्यानें तो थेंब येतो, आणि वांझ अंड्यांतही तो आढळतो.

आतां उन्हाळ्याचा प्रश्न. फलित अंड्यांतील जीव सुमारें २१ अंश सेल्सिअसच्या खालीं निद्रिस्त असतो. उष्णता त्याच्या वर गेली कीं तो हळूहळू वाढूं लागतो. कोंबडीच्या पोटाखालीं साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळते, आणि एकविसाव्या दिवशीं पिलूं बाहेर येतें. चैत्र-वैशाखांत देशावर, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यांत, पारा ४० अंशांच्या वर जातो; घरांतील फळीवर ठेवलेलें अंडें त्या वेळीं आपोआपच उबवणीस बसतें. दोन-तीन दिवसांत बलकावर रक्ताचें जाळें दिसूं लागतें, उष्णतेच्या चढउतारानें तो अर्धवट जीव मरतो, आणि अंडें कुजतें. वांझ अंड्यांत वाढणारें असें कांहीं नसतेंच. तेंही उन्हाळ्यांत बिघडतें खरें. त्यांतील पाणी उडतें, पांढरा बलक पातळ होतो. पण रक्ताचें कडें त्यांत धरत नाहीं, व तें पुष्कळ अधिक टिकतें. आठवड्यांतून एकदांच बाजारास जाणाऱ्या घराला हा फरक फार मोठा आहे. गिऱ्हाइकानें एक अंडें फोडून त्यांत रक्ताचें जाळें पाहिलें, कीं तें पुन्हां त्या पाटीकडे फिरकत नाहीं. अंड्यांचा पैसा हा पुष्कळ ठिकाणीं घरच्या बायकांच्या हातचा स्वतःचा पैसा असतो, हें पुरुषांनीं विसरूं नये. कोंबडा ठेवावयाचा कीं नाहीं हें ठरवितांना त्यांनाच आधीं विचारलेलें बरें. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या कारणानें इतकें नुकसान होत असे कीं, उबवणीचा हंगाम संपतांच कोंबडे विकून टाका किंवा वेगळे कोंडा, असा उपदेश तेथील सरकारी शेतकी खात्यानें शेतकऱ्यांस चालविला होता.

पोषणाच्या दृष्टीनें दोन्ही अंडीं सारखींच. तथापि जीवहत्येच्या विचारानें अंडें वर्ज्य करणाऱ्यांना हा भेद महत्त्वाचा वाटतो. महात्मा गांधींनीं १९४२ सालीं पुण्यास आगाखान महालांत स्थानबद्ध असतां लिहिलेल्या 'आरोग्याची किल्ली' ह्या पुस्तकांत, जो दूध घेतो त्यास वांझ अंडें घेण्यास हरकत नसावी, अशा आशयाचें मत मांडलें आहे. परंतु "हीं अंडीं कोंबड्याविना झालेलीं आहेत" असें गिऱ्हाइकास सांगावयाचें, तर शेजाऱ्याच्या आवारांतही कोंबडा नसला पाहिजे. मोकाट फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतींत असें वचन कोणीं देऊं नये.

मग कोंबडा निरुपयोगी आहे काय? तसें मुळींच नाहीं. ज्याला घरचींच पिलें वाढवावयाचीं आहेत, त्याला तो हवाच. गांवठी कोंबडी वर्षांत साठ-ऐंशीच अंडीं घालते, पण खुडूक बसून पिलें स्वतः वाढविते; आषाढांत गांवठी कोंबड्याला असलेली मागणी पाहतां तिचें खरें उत्पन्न पिलांतच आहे. उलट, अंड्यांसाठीं निपजविलेल्या संकरित कोंबड्या क्वचितच खुडूक होतात; आणि गिरिराज, वनराज अशा सुधारित कोंबड्यांचीं घरीं काढलेलीं पिलें आईबापांच्या गुणांचीं निघतीलच असा भरंवसा नाहीं. अशा कोंबड्यांत कोंबडा ठेवणें ही केवळ हौस होय. मोकळ्या रानांत चरणाऱ्या कळपाला मात्र त्याचा आणखी उपयोग होतो. घार दिसतांच तो इशारा देतो, दाणा सांपडला तर कोंबड्यांस बोलावतो, त्यांच्या आपसांतील भांडणांसही आळा बसतो. रात्रीं खुराड्यांत मुंगूस शिरलें तर तो कांहीं करूं शकत नाहीं. तेथें भक्कम दार हेंच राखण.

कोंडून पाळलेला कोंबडा रोज सुमारें १२० ग्रॅम दाणा खातो, म्हणजे वर्षास जवळजवळ ४४ किलो. तेवढ्या दाण्यांत आणखी एक कोंबडी पोसली जाते. शिवाय कोंबड्या थोड्या असल्या म्हणजे तो त्याच त्याच कोंबड्यांवर पुनःपुन्हां बसतो, त्यांच्या पाठीचीं पिसें जातात, पायाच्या कांट्यानें जखमा होतात. तीन-चार कोंबड्यांत एक कोंबडा ठेवणें हा त्या कोंबड्यांचा छळ आहे. दाट वस्तींत आरवण्याचा त्रास शेजाऱ्यांस होतो तो निराळाच, आणि डाल्याखालीं अंधारांत ठेवूनही तो टळत नाहीं. पहांटेचें आरवणें कोंबड्याच्या अंगांतील घड्याळावर चालतें, असें जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, हें म्हणींत होतेंच. झांकलेलें कोंबडेंही गप्प राहत नाहीं, एवढी त्यांत भर पडली.

पांच-सहाच कोंबड्या असणाऱ्यानें कोंबडा ठेवूंच नये. कोंबडी खुडूक झाली तर दुसऱ्याकडून फलित अंडीं आणून तिच्याखालीं घालावीं. मोठा कळप असणाऱ्यानें, माझ्या मतें, कोंबडा बारमाही न ठेवतां हंगामी ठेवावा. दिवाळीनंतर तो कळपांत सोडावा, आठ-दहा दिवसांनंतरचीं अंडीं उबवणीस धरावीं, आणि सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत विजेरीसमोर धरून जाळें न धरलेलीं अंडीं काढून टाकावीं. महाशिवरात्रीस कोंबडा वेगळा काढला म्हणजे रंगपंचमीस बरोबर तीन आठवडे पुरे होतात, व पुढें ऐन उन्हाळ्यांत अंडीं वांझ मिळतात. पौषांत निघालेल्या पिलांपैकीं सुमारें निम्मे नर असतात. ते आषाढाच्या बाजारास तयार होतात. मात्र चार महिन्यांचे होतांच त्यांना कोंबड्यांपासून वेगळें करावें, नाहीं तर थोरला कोंबडा काढल्याचा सारा खटाटोप व्यर्थ जाईल.

कोंबडा सात-आठ महिन्यांच्या पुढचा व दोन वर्षांच्या आंतला असावा. जड जातीच्या आठ-दहा, हलक्या जातीच्या दहा-बारा कोंबड्यांस एक पुरे होतो. तोच कोंबडा स्वतःच्या लेकींत ठेवल्यास पुढें अंडीं कमी फळतात व पिलें अशक्त निघतात. म्हणून दर वर्षीं दूरच्या गांवच्या कळपांतील कोंबड्याशीं अदलाबदल करावी. नवा कोंबडा आणला त्याच दिवशीं कळपांत सोडूं नये. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, ह्याच वाटेनें घरांत येतो. त्यास तीन आठवडे दूर वेगळा कोंडावा, त्याचें दाणापाणी घरच्या कोंबड्यांचें आटोपल्यावर करावें, आणि कळपास लस टोंचलेली नसेल तर ती ह्याच अवधींत टोंचवून घ्यावी.